अपडेट अडकलं, अ‍ॅरे मोडला, बिल्ड पडलं: तळापासून वर कसं तपासायचं

घरच्या लिनक्स मशीनवर काही अडलं की आपण स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचतो आणि तिथेच दुरुस्तीला बसतो. अपडेट अडकलं की पॅकेज काढून पुन्हा टाकतो, बिल्ड (सोर्समधून प्रोग्राम बांधणं) पडलं की सोर्स पुन्हा उतरवतो. पण बिल्ड पॅकेजांच्या भरवशावर असतं, पॅकेजं फाइलसिस्टीमच्या, फाइलसिस्टीम अ‍ॅरेच्या, अ‍ॅरे (एकच मोठी जागा म्हणून जोडलेल्या अनेक डिस्क) डिस्कांच्या आणि डिस्क केबल-सप्लायच्या. खाली काही हललं की तक्रार वरून ऐकू येते. म्हणून तपासणी खालून वर करायची. निम्मा त्रास एवढ्याने वाचतो आणि डेटा तर नक्कीच वाचतो.

मी साताऱ्यात राहते. माळ्यावर पडलेले जुने दिवाळी अंक, शाळांची वार्षिकं, कुणाच्या आजोबांच्या वह्या असं लोक आणून देतात. मी ते स्कॅन करते आणि टेसरॅक्ट वापरून त्यातला मजकूर काढते. ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलेलं ए-फोर आकाराचं एक पान, न दाबलेली टिफ फाइल म्हणून ठेवलं तर, सुमारे १०० एमबी होतं. एका अंकाची दीडशे पानं धरा. त्यामुळे घरी चार टीबीच्या चार डिस्क रेड ६ मध्ये, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचेल अशा मांडणीत, लावल्या आहेत, वापरायला आठ टीबी मिळते. मशीनवर डेबियन आहे, सिस्टीम वेगळ्या एसएसडीवर. पुढचं सगळं याच मांडणीवरून सांगते. उबंटू किंवा मिंट असेल तरी बहुतेक जसंच्या तसं लागू पडेल. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी तारीख, जागा आणि कर्नलचा लॉग

काहीही बिघडलेलं असो, या तीन गोष्टी पहिल्यांदा बघा.

'डेट' टाइप करून एंटर मारा. हास्यास्पद वाटेल, पण तारीख चुकलेली असेल तर बाकी सगळी तपासणी फुकट जाते. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल असतो. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडतं. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा राउटरही बंद पडतो, आणि लाइट आल्यावर नेट यायला मशीनपेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात घड्याळ मागेच असतं. अशा वेळी अपडेट मारलं की अ‍ॅप्ट (पॅकेजं टाकणारा प्रोग्राम) म्हणतं, 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट'. ब्राउझर सर्टिफिकेटवरून भांडतो. बिल्ड चालवणारं मेक म्हणतं, 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, युअर बिल्ड मे बी इनकम्प्लीट'. फाइलसिस्टीम तपासताना 'लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर' असंही येतं. चार वेगळ्या तक्रारी, चारही एका सेलमुळे. दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो. बदलताना वायर भिंतीतून काढा आणि आधी बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर काही बोर्ड साटाचा मोड बदलून टाकतात, मग डिस्क दिसेनाशा होतात आणि माणूस अ‍ॅरेच्या मागे लागतो.

दुसरं, 'डीएफ -एच'. रूट, बूट आणि व्हार किती भरलंय ते बघा. लगेच 'डीएफ -आय' सुद्धा बघा, कारण जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंदीची जागा) संपलेले असतील तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हाच निरोप येतो. लाखो बारीक फाइली साठवणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं.

तिसरं, 'सुडो डीमेसेज -टी'. इथे 'एटीए', 'आय-ओ एरर', 'लिंक रीसेट', 'आउट ऑफ मेमरी' हे शब्द शोधा. मशीन मध्येच बंद पडून पुन्हा चालू झालं असेल तर मागच्या वेळचा लॉग 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने मिळतो. इथे डिस्कची तक्रार दिसली तर अपडेट आणि बिल्ड दोन्ही बाजूला ठेवा. डिस्क नीट होईपर्यंत त्यावर काही लिहायचं नाही.

अ‍ॅरे

याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाकी काहीही पुन्हा टाकता येतं, डेटा येत नाही.

'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट' ही कमांड पाठ असू द्या. तिचं उत्तर असं येतं: एमडी० हे नाव, पुढे 'अ‍ॅक्टिव्ह', मग 'रेड६', मग डिस्कांची नावं, आणि खालच्या ओळीत शेवटी दोन चौकटी कंस, '[४/३] [यूयू_यू]'. पहिल्या कंसाचा अर्थ चार डिस्क हव्यात, तीन हजर आहेत. दुसऱ्यात 'यू' म्हणजे डिस्क जागेवर, खालची रेघ म्हणजे ती जागा रिकामी. नावापुढे कंसात 'एफ' असेल तर कर्नलने ती डिस्क स्वतःहून बाहेर काढली आहे. एवढं वाचता आलं तरी गोंधळ बराच निवतो, कारण अ‍ॅरे अजून चालू आहे का, आणखी किती डिस्क गेलेल्या चालतील, हे कळतं. रेड ५ मध्ये एक रेघ दिसली तर पुढची डिस्क जाऊन चालणार नाही. रेड ६ मध्ये आणखी एक गेली तरी तग धरते. म्हणूनच मी एका डिस्कची जागा जादा घालवून रेड ६ घेतली.

रेघ दिसली की पहिलं काम नवी डिस्क मागवणं नाही, तर बॅकअप ताजा करणं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. माझ्याकडे स्कॅनची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असते आणि ती डिस्क बहिणीच्या घरी कपाटात असते.

मग बाहेर पडलेली डिस्क खरंच गेलीय का ते बघा. 'सुडो स्मार्टसीटीएल -ए' आणि पुढे डिस्कचं नाव. तक्त्यात पुष्कळ ओळी असतात, त्यातल्या चार वाचा. ५ क्रमांकाची ओळ बदली केलेल्या सेक्टरांची, १९७ वाचता न आलेल्या पण अजून निकाल न लागलेल्या सेक्टरांची, १९८ तपासणीत दुरुस्त न झालेल्या सेक्टरांची. यांचा शेवटचा आकडा शून्य नसेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क जाणार. पण १९९ क्रमांकाची ओळ वेगळी आहे. ती डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका मोजते. ५ आणि १९७ शून्यावर, १९९ मात्र वाढतोय, असं असेल तर बहुतेक वेळा दोष साटा केबलचा किंवा सैल पिनेचा असतो. कॅबिनेट उघडून ती केबल बदला, दोन्ही टोकं खटकन बसेपर्यंत दाबा. हा आकडा मागे येत नाही, जिथे आहे तिथे थांबला की काम झालं. कित्येक धडधाकट डिस्क या एका ओळीकडे न बघितल्यामुळे भंगारात जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅबिनेट उघडण्याआधी कुठली डिस्क ते पक्कं करा. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं दर चालू करताना बदलू शकतात, त्यांच्यावर विसंबू नका. 'एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' मध्ये प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर दिसतो. तोच नंबर डिस्कच्या लेबलवर असतो, पण लेबल नेमकं आतल्या बाजूला येतं. मी प्रत्येक डिस्कच्या बाहेरच्या कडेवर सीरियलचे शेवटचे चार अंक पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून लावलेत. रेड ५ मध्ये एक डिस्क आधीच बाहेर असताना चुकीची दुसरी काढली तर अ‍ॅरे तिथेच बसतो.

केबल बदलल्यावर डिस्क परत घ्यायची असेल तर आधी 'एमडीएडीएम' ला (ही अ‍ॅरे सांभाळणारी कमांड) 'री-अ‍ॅड' सांगा, 'अ‍ॅड' नको. अ‍ॅरेवर बिटमॅप असेल तर कोणता भाग मधल्या काळात बदलला याची नोंद त्यात असते. मग तेवढाच भाग लिहिला जातो, अनेकदा काही मिनिटांत काम होतं. 'अ‍ॅड' केलं तर चार टीबी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिली जाते. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी साडेसात तास, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण डिस्कवर डेटा ज्या गोल रेघांत लिहिला जातो त्यांतल्या आतल्या रेघांवर ती हळू होते. तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क सलग वाचल्या जातात आणि एखादी कमकुवत असेल तर नेमकी तेव्हाच बोलते.

डिस्क कुरकुरतेय पण अजून अ‍ॅरेत आहे, अशा वेळी ती आधी काढू नका. नवी डिस्क जोडा आणि 'रिप्लेस' वापरा. जुनीवरून नवीवर नक्कल होत राहते आणि जिथे जुनी वाचता येत नाही तिथेच बाकीच्यांकडून हिशेब मांडला जातो. पूर्ण झाल्यावर जुनी आपोआप बाजूला पडते.

नवी डिस्क घेताना एसएमआर प्रकारची घेऊ नका. तिच्यावर रेघा कौलासारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे एका जागी लिहायचं तर शेजारच्या रेघाही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात कळत नाही, अ‍ॅरे भरायला घेतला की वेग पार खाली येतो. दुकानदाराला मॉडेल नंबर विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर (रेघा न चढवलेला प्रकार) लिहिलंय का ते स्वतः बघा.

डेस्कटॉपसाठीच्या डिस्कांचा आणखी एक स्वभाव माहीत हवा. खराब सेक्टर वाचायला अशी डिस्क मिनिट-दोन मिनिटं झगडत बसते. कर्नल ३० सेकंद वाट बघतो आणि लिंक रीसेट करतो. मग एका सेक्टरच्या दोषापायी अख्खी डिस्क अ‍ॅरेबाहेर पडते. नॅससाठीच्या डिस्क सात सेकंदांत हार मानतात, तेच अ‍ॅरेला हवं असतं. 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी' ने तुमची डिस्क काय करते ते दिसतं. ही सोय तिच्यात असेल तर ७०,७० अशी किंमत द्या, म्हणजे सात सेकंद. नसेल तर '/सिस/ब्लॉक' मध्ये त्या डिस्कच्या 'डिव्हाइस/टाइमआउट' या फाइलीत ३० च्या जागी १८० लिहा. दोन्ही गोष्टी मशीन बंद केल्यावर विसरल्या जातात, तेव्हा सुरू होताना चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवा.

पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. त्याच्याकडे रेड ५ आहे.

"मावशी, अ‍ॅरे 'इनॅक्टिव्ह' दाखवतोय. नेटवर एक कमांड सापडलीय, 'क्रिएट' म्हणून. मारू का?"

"अजिबात नको. आधी चारही डिस्कांचं 'एक्झॅमिन' काढ आणि पेनड्राइव्हवर ठेव. मग 'इव्हेंट्स'च्या ओळी मला वाचून दाखव."

त्याने वाचल्या. अ‍ॅरेत बदल होत जातो तसा हा आकडा प्रत्येक हजर डिस्कवर वाढतो. तीन डिस्कांवर एकच आकडा होता, चौथी मागे होती. म्हणजे चौथी आधीच कधीतरी बाहेर पडली होती, आणि रीस्टार्टनंतर अपुऱ्या डिस्क बघून अ‍ॅरे स्वतःहून सुरू झाला नव्हता. तो अ‍ॅरे 'स्टॉप' करून तीन ताज्या डिस्कांची नावं देत 'असेंबल --रन' केलं, फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती माउंट केली, फोटो दिसले. मग बॅकअप, आणि त्यानंतर चौथ्या डिस्ककडे लक्ष.

'क्रिएट' का नको ते सांगते. ती कमांड जुना अ‍ॅरे शोधत नाही, नवा लिहिते. डिस्कांचा क्रम, चंकचा (डिस्कांमध्ये वाटलेल्या डेटाच्या तुकड्याचा) आकार, डेटा कुठून सुरू होतो ती जागा, यातलं एक जरी जुन्याशी जुळलं नाही तर जे दिसतं ते निरर्थक असतं, आणि वर लगेच सिंक सुरू होऊन ते डिस्कांवर उतरतं. एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या डेटाची सुरुवात वेगवेगळ्या जागी ठेवतात, त्यामुळे पूर्वी हीच कमांड दिली होती म्हणून आजही चालेल असं नाही. 'असेंबल --फोर्स' हा सुद्धा शेवटचा उपाय, तोही इव्हेंट्सचे आकडे अगदी जवळजवळ असतील तेव्हाच. एक डिस्क महिनाभर मागे असेल तर तिला जबरदस्तीने आत घेऊ नका.

अपडेट

पॅकेजांचं काम त्यामानाने सोपं आहे, कारण अ‍ॅप्ट काय झालं ते स्पष्ट लिहितं, आपण वाचत नाही एवढंच.

'कुड नॉट गेट लॉक' आलं तर त्याच ओळीत कोणत्या प्रोसेसने कुलूप धरलंय ते लिहिलेलं असतं. बहुधा 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' असतं, म्हणजे मशीन स्वतःच सुरक्षेची अपडेट टाकतंय. चहा करून या. कुलपाची फाइल पुसायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मानू नका. दोन प्रोसेस एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहू लागल्या तर जे होईल ते निस्तरायला दिवस जातो.

मधेच लाइट गेली असेल तर 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' येतं आणि काय करायचं तेही तिथेच येतं: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. त्यानंतर 'सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. इथे हो म्हणण्याआधी काय काढलं जाणार ती यादी सावकाश वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव किंवा लिनक्स-इमेज दिसली तर नाही म्हणा आणि कुठलं बाहेरचं भांडार (पॅकेजं जिथून येतात ती जागा) आडवं येतंय ते शोधा.

बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर नवा कर्नल येताना ते भरतं. आधी 'यूनेम -आर' ने सध्या कोणता कर्नल चालू आहे ते बघा. तो आणि त्याच्या आधीचा एक ठेवा, बाकी जुन्या लिनक्स-इमेज 'अ‍ॅप्ट पर्ज' ने काढा. बूटमधल्या फाइली हाताने पुसू नका, अ‍ॅप्टला त्या आहेत असंच वाटत राहतं. जागा झाली की डीपीकेजीची वरची कमांड पुन्हा द्या, अर्धवट राहिलेलं इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) पूर्ण होतं.

काल चालत होतं, आज चालत नाही, असं असेल तर '/व्हार/लॉग/अ‍ॅप्ट/हिस्टरी.लॉग' उघडा. कधी, काय, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलं ते तिथे तारीखवार आहे. नवा कर्नल आल्यापासून ग्राफिक्स किंवा वायफाय गेलं असेल तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर चालत असेल तर बहुधा डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी बांधणारी सोय) बांधायचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं गेलेलं नाही. 'डीकेएमएस स्टेटस' बघा, नव्या कर्नलची हेडर पॅकेजं आहेत का बघा.

कर्नल अपडेटनंतर एमडी० चा एमडी१२७ झाला तर दचकू नका, डेटा तसाच असतो. '/ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ' मध्ये अ‍ॅरेची नोंद नाही, किंवा ती नोंद इनिटरॅमएफएसच्या आत पोचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'एमडीएडीएम --डीटेल --स्कॅन' ने आलेली ओळ त्या फाइलीत घाला आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) मात्र एमडी० असं नाव न लिहिता यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा कायमचा ओळखक्रमांक) लिहा आणि पर्यायांत 'नोफेल' घाला. नाहीतर डेटाचा अ‍ॅरे सापडला नाही म्हणून अख्खी सिस्टीम इमर्जन्सी मोडमध्ये थांबते. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड रिकामा ठेवला असेल तर तिथे 'रूट अकाउंट इज लॉक्ड' असं म्हणून दारही बंद होतं.

डेबियन १२ वरून १३ वर जायचं असेल, तर अ‍ॅरे '[४/४]' दाखवतोय हे बघूनच सुरुवात करा. बाहेरची भांडारं बंद करा, सोर्सेसमध्ये 'बुकवर्म' च्या जागी 'ट्रिक्सी' लिहा. आधी 'अ‍ॅप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', मग 'अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड'. इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर करा, भारनियमनाच्या वेळा बघून.

बिल्ड

डेबियन १२ पासून टेसरॅक्टची पाचवी आवृत्ती भांडारातच आहे आणि मराठीसाठी 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर' हे पॅकेजही. नुसता मजकूर काढायचा असेल तर तेवढं टाका, बांधत बसू नका. मला ताजी आवृत्ती लागते, शिवाय जुन्या खिळ्यांच्या छपाईवर स्वतः प्रशिक्षण द्यायचं असतं, म्हणून मी बांधते.

बिल्ड पडलं की खालून वर नव्हे, वरून खाली वाचा. शेवटी येणारी 'एरर १' ही ओळ फक्त मेकने हात टेकल्याची आहे. खरी चूक वर कुठेतरी, पहिल्या 'एरर:' शब्दापाशी असते. अनेक कामं एकदम चालू असतील तर निरोप एकमेकांत मिसळतात, म्हणून 'मेक -जे१' देऊन सगळं 'टी' कमांडने एका फाइलीत उतरवा आणि तिथे पहिली चूक शोधा.

'नो सच फाइल' म्हणत एखादं हेडर सापडत नसेल, तर लायब्ररी असते पण तिचं '-डेव्ह' पॅकेज नसतं. 'अ‍ॅप्ट-फाइल सर्च' आणि हेडरचं नाव दिलं की ते कुठल्या पॅकेजात आहे ते कळतं. टेसरॅक्टचं कॉन्फिगर तर सरळ सांगतं की लेप्टोनिका (चित्रं वाचणारी लायब्ररी) हवी, 'लिबलेप्टोनिका-डेव्ह' टाकून बघा.

एक अवघड जागा इथे आहे. लेप्टोनिका स्वतः सोर्समधून बांधली आणि त्या वेळी टिफ, पीएनजी, जेपेग यांची डेव्ह पॅकेजं नव्हती, तर बिल्ड अजिबात तक्रार करत नाही. टेसरॅक्टही मुकाट बांधलं जातं. पहिलं पान दिल्यावर 'पिक्सरीडस्ट्रीमटिफ: फंक्शन नॉट प्रेझेंट' येतं आणि माणूस टिफ फाइल खराब झाली समजून अ‍ॅरेवर संशय घेतो. लेप्टोनिकाचं कॉन्फिगर संपताना कोणकोणते प्रकार धरले गेले ते वाचायची सवय ठेवा. डेव्ह पॅकेजं टाकून लेप्टोनिका पुन्हा बांधली की ती टिफ उघडते.

'किल्ड' एवढाच शब्द येऊन कंपायलर मेला असेल तर मेमरी संपली. डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' सापडेल. सी प्लस प्लसची एकेक फाइल एक जीबीच्या पुढेही मागू शकते, तेव्हा आठ जीबीच्या मशीनवर 'मेक -जे८' लावू नका, '-जे३' पुरे. डेबियन १३ मध्ये टेम्प ही डिरेक्टरी मुळात रॅममध्येच असते, रॅमच्या निम्म्यापर्यंत ती वाढू शकते. टेम्पमध्ये बिल्ड करणाऱ्यांची मेमरी दोन्हीकडून खाल्ली जाते. बिल्ड एसएसडीवर, होममध्ये करा. अ‍ॅरेवरही नको, तिथे सिंक चालू असेल तर दोन्ही रखडतात.

'इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट' दर वेळी वेगळ्या फाइलवर येत असेल तर तो कंपायलरचा दोष नाही. जीसीसी कधी कधी स्वतःच म्हणतं की चूक पुन्हा घडवता येत नाही, हार्डवेअर बघा. रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा. बायोसमध्ये रॅमचा वेग एक्सएमपीने वाढवला असेल तर तो आधी उतरवा. आणि रॅममध्ये एक जरी चूक निघाली, तर त्या काळात अ‍ॅरेवर लिहिलेल्या फाइलीही तपासा. रेड डिस्कची चूक पकडतं, रॅममधून चुकीचं आलेलं ते इमानाने लिहून ठेवतं. यासाठी मी प्रत्येक अंकाच्या फोल्डरमध्ये शा२५६ ची (फाइल बदलली का ते दाखवणाऱ्या आकड्यांची) यादी ठेवते, स्कॅन झाल्या झाल्या काढलेली.

डेबियनची आवृत्ती बदलल्यावर स्वतः बांधलेलं सॉफ्टवेअर 'लिबटिफ.एसओ.५ सापडत नाही' असं म्हणायला लागलं, तर त्यात नवल नाही. डेबियन ११ मधली ती लायब्ररी १२ मध्ये सहाव्या क्रमांकाची झाली. जुन्या नावाची खोटी लिंक तयार करू नका, पुन्हा बांधा. बांधताना नवी बिल्ड डिरेक्टरी घ्या. 'गिट क्लीन -एक्सडीएफ' वापरायचं असेल तर आधी 'एफ' च्या जागी 'एन' देऊन काय जाणार ते बघा, कारण गिटमध्ये न टाकलेली तुमची प्रशिक्षणाची पानंही त्यात जातील.

शेवटी, बांधून झालं तरी जुनंच चालतंय असं वाटलं तर 'विच -ए टेसरॅक्ट' द्या. यूएसआर-बिन आणि यूएसआर-लोकल-बिन असे दोन पत्ते दिसले की उलगडा झाला. 'हॅश -आर' द्या, 'लिबटेसरॅक्ट.एसओ.५' सापडत नसेल तर 'सुडो एलडीकॉन्फिग' द्या. 'फेल्ड लोडिंग लँग्वेज एमएआर' आलं तर लोकलमधलं टेसरॅक्ट प्रशिक्षणाच्या फाइली '/यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा' मध्ये शोधतं आणि पॅकेजाने त्या दुसरीकडे ठेवलेल्या असतात. मराठीची फाइल तिथे ठेवा किंवा 'टेसडेटा_प्रीफिक्स' त्या डिरेक्टरीकडे वळवा. स्वतः प्रशिक्षण देणार असाल तर 'बेस्ट' संचातली फाइल घ्या, 'फास्ट' मधल्या फाइलीवर पुढचं प्रशिक्षण देता येत नाही. मग 'टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज' मध्ये 'एमएआर' दिसलं की जोडाक्षरांनी भरलेलं एखादं पान द्या आणि निघालेला मजकूर मूळ पानाशेजारी ठेवून ओळीने वाचा.